एक माणूस कमी

"पुन्हा मोजा," कुलगुरू म्हणाले.

कुलसचिवांनी पुन्हा मोजलं. माणसं काही मोजून वाढत नाहीत. अधिसभेला निम्मे सभासद हजर असले तरच कोरम भरतो, आणि आजही तो एकाच माणसानं अडला होता.

सभागृहाच्या खिडक्यांना काचांच्या जागी पुठ्ठे होते. सगळे कोट न काढताच बसले होते. युद्ध थांबल्यापासून विद्यापीठात कुणाला पगार नव्हता. झाडूवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे उसनवारीवर जगत होते. अनुदान तयार होतं, फक्त सभेचा ठराव हवा होता. सरकारी काम, सहा महिने थांब, म्हणतात. या खेपेला सरकारच थांबायला तयार नव्हतं. आज ठराव झाला नाही, तर अनुदान परत जाणार आणि इमारत लष्कराकडे.

नियमाला युद्ध कळत नाही. मेलेला सभासद मोजणीतून गळतो, बेपत्ता मात्र मोजला जातो. बाकीच्या बेपत्तांच्या घरच्यांनी, मन घट्ट करून, मृत्यूच्या दाखल्यावर सह्या दिल्या होत्या. एकच नाव उरलं होतं, वनस्पतिशास्त्राच्या बाईंचं. ते गळलं की कोरम भरत होता. सही नवऱ्याची हवी होती, आणि नवरा म्हणजे खुद्द कुलसचिव.

घरी सासूबाई रोज विचारायच्या, "झाली का हो सभा?"

"नाही, आई. ती येईपर्यंत एक माणूस कमीच."

एवढं ऐकलं की म्हातारीच्या घशाखाली घास उतरायचा.

"माझ्यानं बोलवत नाही," कुलगुरू हळूच म्हणाले. "पण सगळे तुमच्याकडेच बघतायत."

कुलसचिवांनी समोर पाहिलं. रसायनशास्त्राचे म्हातारे सर दोरीनं बांधलेले बूट खुर्चीखाली लपवत होते. कुलसचिवांनी खिशातून पेन काढलं. सही करताना हात कापला नाही, याची त्यांना फार लाज वाटली. श्रद्धांजलीला सगळे उभे राहिले. मग ठराव एकमतानं मंजूर झाला.

ते घरी पोहोचायच्या आधीच बातमी पोहोचली होती. पगार होणार म्हणून शेजारीण सांगून गेली होती. दार सताड उघडं होतं. सासूबाई केस विंचरून उंबऱ्यात उभ्या होत्या, आणि लेकीच्या घरातल्या सपाता पुसून दाराशी ठेवलेल्या होत्या.

"झाली ना सभा, जावईबापू!" त्या मान उंचावून त्यांच्या मागे जिन्यात बघत होत्या. "मग ती कुठं मागे राहिली?"