झोपमोड

"थांब, पुढे जाऊ नकोस," विलासच्या गाडीने स्पीडब्रेकर ओलांडताच गॅलरीतून कर्णिककाका ओरडले.

विलास वैतागला. थंडी पडल्यापासून त्याची जुनी गाडी तिथे कुईकुई करायची आणि काका रोज पहाटे करवादायचे. आज बायको-लेकीला घेऊन घाट उतरायचा होता.

"काका, गारठ्यानं रबर कडक होतं, म्हणून वाजतं."

"ते कुईकुई. आज खट्ट वाजलं. महिनाभर झोपमोड झालीय माझी, मला नको शिकवू."

कटकट नको म्हणून त्याने गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकने चाक हलवून पाहिलं. चाक धरून ठेवणारा बॉल जॉइंट निखळायच्या बेतात होता. घाटात चाकच निसटलं असतं.

आता गाडी वाजत नाही. तरी विलास रोज स्पीडब्रेकर ओलांडून थांबतो. वर काका मफलर सारून कान देतात, मान हलवतात. मगच तो निघतो.