सासूबाईंचं नाक

“हात पुढे कर,” सासूबाई दारातच म्हणाल्या.

मुलाने हात पुढे केले. सासूबाईंनी वाकून ते हुंगले.

“नुसते ओले करून आलास. जा, साबण लावून ये.”

“अगं आई, दोनदा धुतलेत!”

“या नाकाने या घरात कधी नासकं दूध चुलीवर चढू दिलं नाही. मला शिकवतोस?”

साथ आल्यापासून हेच चाललं होतं. सासऱ्यांची छाती जुनी दुखणाईत. दोन पावलं चालले की भात्यासारखी वाजायची. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, “त्यांच्या फुफ्फुसांत आता झेपेल असं काही उरलेलं नाही. रोग घरात कोण आणू शकेल, ते नीट पाहा. त्यांच्याजवळ कोण जातं?”

“माझ्याशिवाय कुणी नाही,” सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या होत्या. त्या स्वतः उंबरा ओलांडत नव्हत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात तेवढे हुंगत होत्या.

मागोमाग सून आली. दवाखान्यात नर्स. तिचे हात सासूबाईंनी जरा जास्तच वेळ हुंगले.

“दिवसभर रोग्यांत वावरतेस आणि हाताला साबणाचा वास नाही?”

“आई, जिन्याखालच्या नळावर आत्ताच धुतले.”

“मला येतोय की वास,” मुलगा म्हणाला.

“बायकोच्या हाताला तुला अत्तराचाही येईल! काही सांगू नका. ह्यांच्या जिवाशी खेळ नको मला. सूनबाई, साथ सरेपर्यंत तू दुसरीकडे राहा.”

सून वाद घालत बसली नाही. कपडे भरता भरता एवढंच म्हणाली, “आई, तुम्हीही जपा. आवाज बसल्यासारखा वाटतोय.”

“तुमच्यावर ओरडून ओरडून बसलाय!”

मुलगा तिला पोचवायला गेला. सासूबाईंनी कडी लावली. आता घर कसं धुतल्यासारखं स्वच्छ झालं! त्यांनी गॅसवर दूध ठेवलं, सूप चाखलं, वर आणखी चिमूटभर मीठ टाकलं आणि वाटी घेऊन आतल्या खोलीत गेल्या. सासऱ्यांच्या उशाशी बसून एकेक चमचा फुंकून फुंकून भरवू लागल्या.

“खारट झालंय गं.”

“आजारी तोंडाला सगळं खारटच लागतं. गिळा.”

सासऱ्यांनी गिळलं. थोड्या वेळाने त्यांना ठसका लागला. त्यांनी दाराकडे बोट केलं.

“अगं... काहीतरी जळतंय.”

“तुमचं आपलं काहीतरीच. मी काय मेलेय का इथे? मला आला नसता वास?”

“केव्हाचा येतोय...”

पुटपुटत सासूबाई उठल्या. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. दूध आटून करपलं होतं, पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. त्यांनी गॅस बंद केला. पातेल्यावर वाकून नाक भरून हुंगलं. पुन्हा हुंगलं.

मग हातातल्या चमच्याकडे पाहिलं.