फिरता नंबर

"केतकी, स्क्रीनवर टिकली तूच चिकटवलीस ना गं?" धारूरकर मॅडमच्या फोनने केतकीचं धाबंच दणाणलं.

मॅडमच्या ऑनलाइन कोर्सवर विकत घेणाऱ्याचा मोबाइल नंबर झळकतो. तो टिकलीखाली झाकून, मैत्रीण शलाकासाठी दुसऱ्या फोनवर शूटिंग लावून ती खुशाल जेवायला गेली होती. नंबर मिनिटामिनिटाला जागा बदलतो, हे तिच्या गावीही नव्हतं!

"मी फक्त मैत्रिणीला दिलं, मॅडम!"

"आणि तिने चारशे जणांच्या ग्रुपवर टाकलं. वर्षभर राबले होते गं मी. तुझा कोर्स बंद करतेय."

परीक्षा नऊ दिवसांवर होती. नाइलाजाने केतकीने शलाकाकडेच व्हिडिओ मागितले. त्यात मॅडम हसतहसत शिकवत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून केतकीचाच नंबर सरकत होता.