चारच्या पुढे

साखरपुड्याच्या सकाळी अण्णांनी नातीला कुंकू लावलं आणि टिळा अगदी गोल उमटला.

"लावलंत आजोबा? मला कळलंच नाही," ऋजुता हसली.

"पाहिलंस हेरंब? दहा वर्षांनी हात ताळ्यावर आला!" चित्रकलेचे निवृत्त मास्तर असलेले अण्णा लहान मुलासारखे हरखले होते. हेरंबला मात्र वडिलांकडे बघवेना.

कंपवाताची थरथर ओढून घेणारं यंत्र त्याने आठवड्यासाठी घरी आणलं होतं. ते भाड्याने देणाऱ्या बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "जगात मुळात गतीच आहे, साहेब. ती साठली की तिलाच आपण हाडमांस म्हणतो. वरवरची थरथर निघाली की थांबा. काटा चारच्या पुढे नेलात, तर माणूसच उपसला जाईल."

पण काल चारवरही अण्णांच्या हातातली कपबशी किणकिणत होती. व्याह्यांसमोर शोभा नको, म्हणून दुपारी अण्णांचा डोळा लागल्यावर हेरंबने काटा गुपचूप सहावर नेला होता.

सगळ्यांचे नमस्कार झाल्यावर शेवटी तो अण्णांच्या पाया पडायला वाकला.

"सुखी राहा," अण्णा म्हणाले.

शाळेत असल्यापासून ओळखीचा तो जडशीळ पंजा डोक्यावर टेकेल, म्हणून हेरंब तसाच वाकून वाट पाहत राहिला. पंजा काही टेकेना.

"अरे, ऊठ आता," वरून अण्णांचा हसरा आवाज आला. "किती वेळ डोक्यावर हात ठेवून उभा राहू?"