पाय नसलेलं नाव

या, बाबांनो, अंमळ जवळ सरका. घटकाभर बसा, एका दगडाची गोष्ट सांगतो.

जुन्या रोमात थडग्यांवर नावं लिहिणाऱ्या दामाचा कुंचला दगडावरून फिरत होता आणि गिऱ्हाईक मान डोलवत होतं. रेघ खाली आली की तो मनगट हलकेच वळवी. अक्षराला इवलासा पाय फुटे, आणि ते माणसासारखं उभं राही.

"वा, दामा! देवानंच हात दिलाय तुला!"

शेजारी स्टेटियस छिनीला धार लावत होता. त्या लाल रेघांवरून कोरायचं त्यानं. पण तोवर गिऱ्हाईक निघून जाई. मागे उरे ती धूळ. वाचता येत नव्हतं त्याला. रोमच्या वेशीबाहेरची निम्मी थडगी त्यानं कोरली, पण त्याचं स्वतःचं नाव कुणी कधी लिहिलंच नव्हतं. पोर ना बाळ. वाटसरू थडग्यावरचं नाव वाचून मेलेल्याला हाक मारत; मेल्यावर आपल्याला हाक कोण मारणार? हा घोर त्याला जाळी, आणि दामाची वाहवा त्यात तेल ओती.

गिऱ्हाईक गेलं तसा दामानं एक नवा दगड पुढे सरकवला. लिहून तयार होता. "हा माझ्या थडग्याचा. जिवंतपणीच करून ठेवलेला बरा. नीट कोर हं, गड्या."

"म्हणजे मेल्यावरही मिरवणारच तू!"

दामा हसला आणि हमामखान्याकडे निघाला.

वरची ओळ मोठी, ठसठशीत. हेच त्याचं नाव, स्टेटियसनं ताडलं. "आता राहा उभा!" एकेक रेघ त्यानं खाली येताच तोडली. पाय एकही कोरला नाही. ओल्या फडक्यानं पुसून टाकले. खालची बारीक ओळ मात्र हाताच्या सवयीनं नीट उतरली.

दामा परतला. दगडावरून बोट फिरवत राहिला.

"चुकलं हातून," स्टेटियस पुटपुटला. "तुझं नाव पांगळं झालं."

"माझं? माझं खाली आहे रे. झकास कोरलंयस." दामाचं बोट वर सरकलं. "हे तुझं. माझा रंग पुसला जातो, राहतं ते तुझंच, म्हणून वर घातलं. एकाच मालकाचे गुलाम होतो आपण; म्हटलं, झोपूही शेजारी शेजारी."

राहिलेले पाय रंगवायला दामा कुंचला बुडवू लागला. स्टेटियसनं त्याचं मनगट धरलं.

"नको. असंच राहू दे."

बाबांनो, त्या रस्त्यानं गेलात तर दोघांनाही फुलं वाहा. पण हाक मारायची ती आधी वरच्याला, पाय नसलेल्या स्टेटियसला.