सांधे बदलायचं काम

ताडपत्री निळी मिळाली. हिरवी संपली होती. एकनाथरावांनी ती परसात पसरली आणि कडेनं विटा मांडल्या.

"मधे जरा उंचवटा दिसू द्या की," सरोजिनीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "खाली रेल्वे हाय म्हणताय आन् दिसतंय ज्वारी वाळत घातल्यागत."

"तू गप बस."

"गपच हाय. चार वर्षं गपच हाय."

ताडपत्रीखाली फुटक्या कुंड्या होत्या, जुना कूलर होता, पाय मोडलेली खुर्ची होती. रेल्वे नव्हती. कधीच नव्हती.

'अंगणगाडी' हे पुण्याहून निघणारं मासिक. बागेत, परसात छोटे रूळ टाकून छोटी आगगाडी चालवणाऱ्या हौशी माणसांचं. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यावर एकनाथरावांच्या हाती त्याचा एक अंक लागला. आत सांध्याचं, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते त्या जागेचं, चित्र होतं. साफ उलटं काढलेलं. एकनाथरावांनी वाचनालयातलं पुस्तक उघडून खात्री केली आणि मासिकाला झाडलं. झाडताना शेवटी एक वाक्य हातून गेलं, 'माझ्या अंगणातल्या लाइनीवर मी असली चूक खपवून घेत नाही.'

छापून आलं. मग काय, सुटलेच. मत द्यायला रूळ लागत नाहीत. दर महिन्याला कुणाची तरी सालटी. याची खडी म्हणजे खडीसाखर. त्याचा चढ असा, की इंजिनाला सलाइन लावावं लागेल. संपादिकाबाईंच्या स्वतःच्या 'मैना लाइन'लाही सोडलं नाही. 'उन्हाळा असो की थंडी, फोटोत कडुलिंबाची सावली एकाच बाजूला कशी पडते? कुणी बघायला येतो म्हटलं की नेमकी दुरुस्ती कशी निघते? पुढच्या महिन्यात मी स्वतः पुण्याला येतोय.' पुण्याला जायचं त्यांच्या मनातही नव्हतं. लिहायला झणझणीत वाटलं, लिहिलं.

त्यावर बाईंचा फोन आला. "तुम्ही कशाला दगदग करता काका? मीच सोलापूरला येते. रविवारी."

एकनाथरावांची झोप उडाली. बाईला वास लागला. आता ती येणार, बघणार आणि पुढच्या अंकात छापणार. सांगलीची, अकलूजची माणसं त्यांना फोन करून विचारायची, 'साहेब, वळण केवढं ठेवू?' घरात भाजीत मीठ किती, हेही त्यांना कुणी विचारत नव्हतं. ते फोन बंद झाले, की उरलेला जन्म नुसता पेपर वाचायचा.

रविवारी रिक्षा दारात थांबली. संपादिका निवेदिताबाई चाळिशीच्या, गळ्यात कॅमेरा. आल्या, बसल्या, पोहे खाल्ले. शेंगाचटणीची चौकशी केली. सोलापूरच्या उन्हावर बोलल्या. चादरी कुठं चांगल्या मिळतात ते विचारलं. रेल्वेचं नाव नाही.

हे त्याहून वाईट. शेवटी एकनाथरावांनाच राहवलं नाही.

"मॅडम, लाइन आज दाखवता यायची नाही बघा. सांधे बदलायचं काम काढलंय."

"अरेरे! दोन्ही गुडघ्यांचं?"

एकनाथरावांनी ताडलं. टोमणा होता. आपल्या पहिल्याच पत्रावरचा टोमणा. ते कसंबसं हसले.

"गुडघे धड हायत त्यांचे," सरोजिनीबाई चहा ठेवत म्हणाल्या. "जीभ तेवढी बदलायची ऱ्हायलीय."

मग निवेदिताबाईही हसल्या. जरा उशिरा.

"काका, मी एक ठरवून आलेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही आमच्याकडे कायमचं सदर लिहा. नाव 'परखड'. कुणालाही सोडू नका. फक्त पुण्याला वगैरे यायचं मनात आणू नका. या वयात कशाला? इथूनच लिहा."

आधी चढवायचं आणि मग आपटायचं. एकनाथराव काय ते ओळखून होते. जिल्हा परिषदेत हेच बघत जन्म गेला होता.

"सदरासोबत तुमच्या लाइनीचा फोटो लागेल," बाई उठत म्हणाल्या. "झाकलेलीच चालेल."

तिघं परसात आली. बाईंनी लांबूनच कॅमेरा डोळ्याला लावला. एकनाथराव ताडपत्रीसमोर छाती काढून उभे राहिले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

"झाकलेली कशाला, मॅडम?" सरोजिनीबाई अचानक म्हणाल्या. "एवढं पुण्यावरनं आलाव, बघूनच जावा की."

"नको नको, राहू द्या!" निवेदिताबाई घाईनं म्हणाल्या.

"सरोज!" एकनाथराव ओरडले.

पण चार वर्षं गप राहिलेली बाई ती. तिनं पायानं वीट सरकवली आणि कोपरा धरून ताडपत्री निम्म्यापर्यंत ओढली.

कुंड्या. कूलर. तीन पायांची खुर्ची.

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गादी झोडपत होतं. एकनाथरावांनी मान खाली घातली. सांगली गेली. अकलूज गेलं.

"छापा," ते म्हणाले. "जे असेल ते छापून टाका."

निवेदिताबाईंनी कॅमेरा बंद केला. वाकून ताडपत्रीचा कोपरा उचलला, जिथल्या तिथं ओढला, त्याची घडी करून वीट त्या घडीच्या आत गुंडाळली आणि घट्ट दाबून बसवली. सरावानं.

"विटा अशा मोकळ्या ठेवू नका काका, वाऱ्यानं कड उचलते," हात झटकत त्या म्हणाल्या. "माझीपण निळीच आहे."