शिडीखालचं आकाश

नाट्यगृहाच्या छतावर रंगारी आकाश रंगवत होता आणि खाली त्याची बायको शिडी धरून उभी होती. निळ्या रंगात बुडून त्याची अशी तंद्री लागली होती, की आपण खऱ्याच आकाशाला हात लावतोय असं त्याला वाटत होतं.

"अगं, जुनी माणसं याला ऋत म्हणायची," एक तारा काढत तो म्हणाला. "सूर्य, चंद्र, तारे, ज्यानं त्यानं आपली जागा धरून ठेवायची. तोच धर्म. एकानं जरी सोडली, तर सगळा डोलारा खाली!"

"अहो, आणि एखाद्याला तहान लागली तर?"

"ताऱ्याला कसली आलीय तहान?" तो खो खो हसला. शिडी जराही हलली नाही.

तेव्हा कुठे सकाळपासून पहिल्यांदा त्यानं खाली पाहिलं. गुळगुळीत फरशीवर शिडी सरकू नये म्हणून तिनं शिडीच्या पायाला आपलं पाऊल टेकवून ठेवलं होतं. तिच्या केसांत निळे थेंब वाळले होते.

तो खाली उतरला. "जा, पाणी पिऊन ये."

ती परतली तेव्हा तो रिकामी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता.

"अहो, सोडा की. वर कोणी नाहीये."

"सगळे आहेत," तो हळूच म्हणाला. "तू हात लाव, मग सोडतो."